मढेमास्तर आणि बाईंचा चेहरा

सिनेमासाठी खोटी मढी बनवणाऱ्या माणसाला लोक काय म्हणणार? मढेमास्तर! अगदी तोंडावर म्हणायचे, आणि हे गृहस्थ लाडात ‘ओ’ द्यायचे. स्वभावाने इतके गरीब, की स्वतःच बनवलेल्या मढ्यावर माशी बसली तरी फुंकर घालून उडवतील.

कारखाना म्हणजे घराचीच मागची खोली. रबराचे हात दोरीवर वाळत घातलेले, काचेचे डोळे चहाच्या कपात. मढी रंगवायचं काम बायकोचं. शिकवलं मास्तरांनीच, पण तिची एक खोड होती. कातडीचा रंग चढवायच्या आधी ती कानामागे हिरवट रंगाचं बोट फिरवायची. “माणूस आधी तिथे मरतो,” म्हणायची. कुठे बघून आली होती कोण जाणे! तिसरा भिडू साडू. बोलायला साखर, कामाला टाळाटाळ, पण गिऱ्हाईक पटवावं तर त्यानेच.

मास्तरांचा एक नियम होता. ज्याच्या चेहऱ्याचा साचा काढला, त्याच्याच हातून तो शूटिंग संपल्यावर फोडायचा.

एकदा एका म्हाताऱ्या नटीचा साचा काढायचा होता. तिला सगळे ‘बाई’ म्हणत. बाईंचा जीव कोंडल्यासारखं झालं की घाबरा व्हायचा, आणि इथे तर नाकपुड्या सोडून सगळं तोंड प्लॅस्टरखाली!

“मास्तर, या एकाच सिनेमात मरणार हं मी,” बाईंनी बजावलं. “नंतर मला कुठेही फुकटची मारत सुटायचं नाही. नातवंडं सिनेमे बघतात माझी.”

“शब्द देतो, बाई. साचा तुम्हीच फोडायचा.”

प्लॅस्टर घट्ट होईपर्यंत बाईंनी मास्तरांचा हात असा काही धरला, की नखं रुतली. मास्तर हूं की चूं करतील तर शपथ.

शूटिंग संपल्यावर साडूने साचा आणला, दोन्ही अर्धुकं दोरीने बांधलेला. बाहेरून काय, सगळे साचे सारखेच पांढरे धोंडे! बाईंनी हातोडा घेऊन त्याचा पार चुरा केला. “सुटले बाई एकदाची!” म्हणून हसल्या. मास्तरही हसले. दोरी सोडून आत कोण आहे ते बघावं, हे काही त्यांना सुचलं नाही. साडूवर संशय कोण घेतो हो?

पुढे साडूने दुसऱ्या एका सिनेमाचं काम एकट्याने घेतलं आणि मढी स्वतःच्याच घरी बनवली. तो सिनेमा तयार झाल्यावर कामगारांना दाखवायचा होता. साडूचं नेमकं पोट बिघडलं. बायकोचं डोकं दुखायला लागलं. एकाच दिवशी दोघांची दुखणी! मास्तर आपले एकटेच गेले.

पडद्यावर विहीर, विहिरीत प्रेतं तरंगताहेत. आणि एकूण एक प्रेत बाईंचं! कुणाला मिशी लावलेली, कुणाचं टक्कल केलेलं, पण नाक तेच, हनुवटी तीच. मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं. तेवढ्यात कॅमेरा आणखी जवळ गेला, आणि कानामागे फिरलेलं हिरवट बोट दिसलं.

साडूचं त्यांनी एकवेळ पचवलं असतं.

घरी बायको कपड्यांच्या घड्या घालत बसली होती.

“बाईंनी फोडला तो साचा कुणाचा होता?”

“एका पहिलवानाचा. तो फोडायला आलाच नव्हता,” ती खाली मान घालून म्हणाली. काही माहीत नसल्याचं सोंगसुद्धा केलं नाही. “ताईच्या घरी काम नव्हतं हो. तुम्हाला विचारलं असतं तर नाही म्हणाला असता.”

“म्हणून विचारलंच नाहीस?”

“पाण्यातल्या मढ्यांची तोंडं बघतंय कोण?”

“मी बघतो! जन्मभर दुसरं केलंय काय मी?”

मास्तर आल्या पावली बाईंकडे गेले. उंबऱ्याबाहेर उभं राहूनच साच्याची अदलाबदल, विहीर, मिशा, सगळं सांगितलं.

बाईंनी शेवटी एवढंच विचारलं, “आणि रंगवलं कुणी?”

बायकोचं नाव मास्तरांच्या जिभेवर आलं आणि तिथेच अडकलं.

“मी.”

“म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं.”



बाईंनी दार लावून घेतलं. आपटलंसुद्धा नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

घरी बायको दारातच उभी होती. “काय म्हणाल्या?”

“तुझं नाव नाही सांगितलं.”

ती रडायला लागली. एरवी तिच्या डोळ्यांत पाणी दिसलं की या माणसाचा जीव खालीवर व्हायचा. आज ते तिच्या बाजूने मागच्या खोलीत गेले आणि त्यांनी आतून कडी लावली.