तेव्हावाल्या टेलरचं राहून गेलेलं माप

माझा मामा टेलर आहे, आणि त्याच्याइतकी लोकांची खरी पोटं आमच्या भागातल्या डॉक्टरांनीही पाहिलेली नाहीत.

कमरेभोवती टेप आली की माणूस लबाडी करायला लागतो. चांगला साठीचा गृहस्थ असला तरी श्वास आत ओढतो, छाती पुढे काढतो आणि छताकडे बघत उभा राहतो. अशा वेळी घेतलेलं माप म्हणजे विकतचं भांडण. तो पँट घेऊन जातो, ती घालून पोटभर जेवतो, आणि दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन मामाच्या हाताला नावं ठेवतो. यावर मामाने धंद्याच्या पहिल्याच वर्षी एक उपाय शोधला. टेप कमरेभोवती टाकायची, पण ओढायची नाही. मग सहज आठवल्यासारखं विचारायचं, "तेव्हा तुम्ही कुठे राहायचात हो?"

झालं काम. 'तेव्हा' म्हटलं की गिऱ्हाईक सैल होतं. "तेव्हा ना..." म्हणून मोठा उसासा सोडतं, खांदे उतरतात, पोट आपल्या हक्काच्या जागी येऊन बसतं, आणि त्याच क्षणी मामा टेप जुळवतो. हल्लीचं काही विचारलं तर हे होत नाही. त्याने करून पाहिलंय. मुलाची नोकरी कशी चाललीय, गुडघे काय म्हणतात, असलं काही विचारलं की माणूस उलट आणखी ताठ होतो. म्हणून सगळी वस्ती त्याला 'तेव्हावाले टेलर' म्हणते. मुख्य रस्त्यावर औषधांच्या दुकानाला लागून दहा बाय बाराची त्याची खोली आहे. कापायचं टेबल, पायाचं मशीन, बटणांच्या बरण्या, उंच आरसा, आणि वर फळीवर एकेचाळीस माप-वह्या. वहीत प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक पान आणि पानावर शेवटी शेऱ्याचा रकाना. त्यात 'डावा पाय अर्धा इंच तोकडा' किंवा 'श्वास रोखतो, गावाकडचं विचारावं' असं काहीबाही लिहिलेलं असतं.

आता दिवसाला आठ-दहा माणसांना जुन्या दिवसांची आठवण पाजायची, तीही चाळीस वर्षं, तर पाजणाऱ्याला थोडी चढणारच. मामाला चांगलीच चढली.

त्याच्या लेखी जग अकरा वर्षांपूर्वी बिघडलं, म्हणजे तो जुनं तळघरातलं दुकान सोडून या हवेशीर दुकानात आला तेव्हा. जुन्या दुकानातला खडू मऊ होता. जुन्या दुकानात दोरा तुटत नसे. जुन्या दुकानात वरच्या मजल्याचा पाइप गळायचा आणि बादलीत थेंब पडायचे, त्या तालावर म्हणे शिलाई सरळ यायची.

"ताल?" मामी म्हणायची. "अहो, तीन कोटांचं कापड भिजलं होतं त्या तालात. तुम्ही आठवडाभर त्या पाइपाच्या नावाने खडे फोडत होतात."

"पण थेंब कसे टपोरे होते."

मामी हात टेकायची. मी त्यांची भाची. दोन गल्ल्या पलीकडे राहते आणि रोज संध्याकाळी त्यांच्याकडे चहाला जाते, त्यामुळे हा खेळ मला तोंडपाठ आहे. माझं तोंड फटकळ आहे यावर मात्र नवराबायकोचं एकमत आहे. एकदा मी त्याला सरळच विचारलं होतं, जुनं सगळं एवढं गोड कसं लागतं रे तुला? त्याने तोंडातल्या टाचण्या काढून मनगटावरच्या उशीत खोचल्या आणि म्हणाला, "आजचा दिवस ट्रायलच्या कपड्यासारखा असतो. जागोजागी टाचण्या. हललं की टोचतात. कपडा शिवून झाल्यावर टाचण्या कुठे टोचल्या ते कोण लक्षात ठेवतं?"

उत्तर झकास होतं. फक्त ते ऐकताना मामी दारात उभी होती आणि तिच्या हातातला चहा निवत होता, हे त्याच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. ती एका हॉस्पिटलात नाव-नोंदणीच्या खिडकीवर बत्तीस वर्षं बसली. समोर रांग, हातात पेन, कानाशी फोन. घरी आली की तिच्याकडे दिवसभराच्या दहा गोष्टी असायच्या. पण ती पहिली गोष्ट सुरू करायची आणि मामा म्हणायचा, "तेव्हा तू खिडकीवर नवीन होतीस ना, तेव्हा काय गंमत झाली होती आठवतं?" आणि तीच जुनी गंमत पुन्हा एकदा सांगून व्हायची. हळूहळू मामीने आजच्या गोष्टी घरी आणणं सोडून दिलं. मला ते फार लागायचं, पण नवराबायकोच्या मधे कोण पडणार, म्हणून मीही मूग गिळून बसायचे.

यंदा मामी निवृत्त व्हायची होती. शनिवारी सकाळी हॉस्पिटलच्या सभागृहात निरोपाचा कार्यक्रम ठरला. तिला दोन शब्द बोलायचे होते. सगळ्यांसमोर पहिल्यांदाच खिडकीच्या काचेबाहेर यायचं, याचं तिला टेन्शन आलं होतं. "बत्तीस वर्षं लोकांनी मला गळ्यापासून वर बघितलंय," ती म्हणाली. "आता अख्खी दिसणार."

मामाने गुपचूप तिच्यासाठी कोट शिवायला घेतला. गर्द निळं कापड, आत रेशमी अस्तर. मी दुकानात गेले तेव्हा तो खडूने रेघा ओढत होता, अगदी शीळ घालत.

"माप कधी घेतलंस?" मी विचारलं.

तो दुखावलाच. "चाळीस वर्षं संसार केलाय. बायकोचं माप घ्यायला टेप लागते होय? हातात बसलंय माझ्या."

आता, दुसरा कोणी टेलर असता तर बायकोचा एखादा जुना कपडा तरी उचलून आणला असता. पण मामाचा स्वतःच्या हातावर फार भरवसा. मला शंका आली होती हे खरं. पण त्याचा चेहरा इतका खुलला होता की मी गप्प बसले. माझा फटकळपणा नेमका नको तिथे संपावर गेला.

गुरुवारी संध्याकाळी चहा झाल्यावर त्याने कोट मामीच्या पुढ्यात धरला. मामीने कापडावरून हात फिरवला. तिचे डोळे भरून आले होते. तिने एक हात बाहीत घातला, दुसरा घातला, आणि कोट दंडाशीच अडकला. मामाने मागून थोडं ओढून पाहिलं. पाठीवर कापड ताणलं. पुढे दोन बटणं आपापल्या काजांपासून चार बोटं लांब राहिली.

तेवढ्यावर गप्प बसला असता तरी निभावलं असतं. पण मामा म्हणाला, "तेव्हा अगदी मापात बसला असता."

मामीने कोट सावकाश काढला, घडी घातली आणि टेबलावर ठेवला. "चांगला झालाय," ती म्हणाली. "पण हा तुमच्या त्या तेव्हाच्या बाईचा आहे. ती आता इथे राहत नाही. मी राहते." मग तिने विचारलं, "वस्तीतल्या सगळ्यांची पानं आहेत ना तुमच्या वह्यांत? माझं कुठल्या वहीत आहे?"

एकेचाळीस वह्यांत ते पान नव्हतं. ज्या बस-ड्रायव्हरने एकदाच शर्ट शिवून घेतला आणि पुन्हा तोंड दाखवलं नाही, त्याचं होतं.

"शनिवारी मी जुना स्वेटर घालीन," मामी म्हणाली आणि आत गेली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली. चिडलेली मामी मला माहीत होती. ही आशा सोडलेली मामी होती.

मी मामाला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. तो ऐकून घेत होता, मधे मधे कोटाची बाही सरळ करत होता. शेवटी म्हणाला, "तिला उद्या दुकानात घेऊन ये. गिऱ्हाईक म्हणून."

शुक्रवारी मामीची ड्युटी सुटल्यावर मी तिला जवळजवळ ओढतच नेलं. आरशासमोर लाकडी फळी आहे, तिच्यावर ती उभी राहिली. मामाने नवी वही काढली, पहिलं पान उघडून तारीख घातली आणि टेप हातात घेतली. टेप कमरेभोवती येताच मामीने श्वास रोखला. बत्तीस वर्षांच्या रांगेचा सगळा ताठपणा तिच्या पाठीत उतरला. मामाच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "तेव्हा आपण पहिल्यांदा..."

"जुनं काही काढलंत तर मी निघाले," मामी आरशातून म्हणाली.

मामाची पंचाईत झाली. आयुष्यभर एकच किल्ली वापरली आणि नेमक्या या कुलपाला ती लागेना. टेप तशीच सैल लोंबत राहिली. बाहेर औषधांच्या दुकानाचं शटर कोणीतरी वर ढकललं. मी बटणांच्या बरणीत डोकं घातल्यासारखी बसले होते. शेवटी मामा, एखाद्या अनोळखी बाईशी बोलावं तसं घाबरत म्हणाला, "आज खिडकीवर काय झालं?"

मामीने आरशातच त्याच्याकडे पाहिलं. तो टिंगल करतोय का, हे ती बघत होती.

"आज?" ती म्हणाली.

"हो. आज."

"आज एक आजोबा आले होते," ती जपून म्हणाली. "काही दुखत नव्हतं त्यांना. मी जाणार हे कळलं म्हणून आले. रांगेत पाऊण तास उभे राहिले, खिडकीशी आले आणि म्हणाले, माझं नाव दर वेळी बरोबर लिहिलंत बरं का. आणि गेले." ती हसली, आणि मग तिने श्वास सोडला. "आणि ऐका ना, मागची बाई त्यांच्यावर भडकली, की काही होत नाही तर रांग कशाला अडवता..."

ती बोलत सुटली. मामा माप घेत होता आणि "मग?" म्हणत होता. छाती झाली, कंबर झाली. खांद्याशी त्याची बोटं थांबली. त्याने पुन्हा मोजलं.

"डावा खांदा वर आहे तुझा."

"फोन कुठे धरायचा मग? लिहायला हात नको?"

"कधीपासून?"

"असेल वीस-बावीस वर्षं."

त्या खांद्यावर त्याने हात ठेवला आणि तसाच राहू दिला. मी बाहेर जाऊन औषधांच्या दुकानातून विनाकारण खोकल्याच्या गोळ्या घेऊन आले.

शिवणीत भरपूर कापड सोडायची मामाची सवय कामी आली. कोट उसवला, फाकवला, काखेत जोड दिला, डाव्या खांद्यातली गादी काढून टाकली. शनिवारी मामी सभागृहात अख्खी दिसली, आणि छान दिसली. दोन शब्द बोलायला उभी राहिली ती वीस मिनिटं बोलली. त्यात एकही गोष्ट जुनी नव्हती, सगळ्या त्या आठवड्यातल्या.

याला सहा महिने झाले. मामा सुधारला म्हणावं, तर तसं नाही. परवाच मी दुकानात होते, आणि एका जाड्या गिऱ्हाइकाला तो त्या कोटाची कहाणी ऐकवत होता. काय दिवस होते ते, कोट कसा पहिल्याच फटक्यात अंगात बसला, पुन्हा सुई लावायचंसुद्धा काम कसं पडलं नाही. मामी कोपऱ्यात काजं करत होती. मला वाटलं, आता ती त्याला झापणार. तिने दोरा तोडला आणि माझ्याकडे बघून हसली.

ती हल्ली रोज दुपारी तिथे बसते. दुपारी दुकानात काय काय झालं ते संध्याकाळी मामा तिला विचारतो. तो स्वतः तिथेच होता ना, असं मी म्हटलं, तर मलाच दोघांनी गप्प केलं.

गिऱ्हाईक गेल्यावर मी फळीवरची बेचाळिसावी वही काढली, कारण खरं काय ते कुठेतरी लिहिलेलं असावं असं मला वाटत होतं. पहिल्या पानावर शुक्रवारची तारीख होती. छाती, कंबर, बाही, उंची. डावा खांदा पाऊण इंच वर. आणि शेऱ्याच्या रकान्यात मामाच्या बारीक अक्षरात: 'जुनं काढू नये. आजचं विचारावं.'