म्हशींचा डबा आणि माझी हनुवटी

सात फेब्रुवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी बालाघाटमधल्या एका त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात विज्ञानाचा विजय झाला. या विजयात जखमी झालेली एकमेव व्यक्ती मी होते.

प्रकरण माझ्या आत्याच्या मानेवरच्या चामखिळीपासून सुरू झाले. आत्या राजेगावला राहते, चार म्हशी सांभाळते, आणि तिच्या गळ्यातली पोत त्या चामखिळीत रोज अडकत असे. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. (सुवर्णपदक, कोणी विचारले नाही तरी मी सांगते). द्रव नायट्रोजनने चामखीळ गोठवतात, दोन मिनिटांचे काम, हे मी तिला फळ्यासमोर उभे राहिल्यासारखे समजावले आणि दवाखान्यात आणले.

डॉक्टरांनी टेबलाखालून डबा काढला. निळा, लांब मानेचा. झाकण उघडताच पांढरी वाफ. आत्या खुर्चीवरून उठली.

"हा डबा म्या पायला हाय."

"कुठे?"

"आमच्या गोठ्यात. म्हशी भरवायले तो मानूस फटफटीवर घेऊन येते, तोच."

तिचे निरीक्षण अचूक होते. कृत्रिम रेतनासाठी रेड्याचे वीर्य याच द्रवात गोठवून ठेवतात. मी हे मान्य केले, तेही सविस्तर, तेही दार उघडे असताना. (बाहेरच्या बाकावरचे रुग्ण दाराकडे सरकले. त्यांतला एक घरी गेला.)

"अन् ते तू माह्या मानेले लावून राह्यली?"

"आत्या, यात फक्त नायट्रोजन आहे. उणे एकशे शहाण्णव अंश."

"तो फटफटीवालाबी हेच म्हनते. तुले एवढा भरोसा हाय तं पयले तू लाव."

इथे थांबायला हवे होते. पुढच्या रविवारी गोंदियाहून मला पाहायला पाहुणे येणार होते. अशा कार्यक्रमांवर एरवी मी तासभर टीका करू शकते. पण हा मुलगा मला आवडला होता. फोनवर त्याने माझ्या प्रबंधाविषयी चार प्रश्न विचारले होते आणि चारही योग्य होते.

माझ्या हनुवटीवर दोन मिलिमीटरची चामखीळ होती, आजवर माझ्याशिवाय कोणालाही न दिसलेली. मी हनुवटी पुढे केली.

"फोड येईल," डॉक्टर म्हणाले. "आणि आपल्या रंगाच्या त्वचेवर डाग काही महिने राहू शकतो."

"ठाऊक आहे," मी म्हणाले. (ठाऊक नव्हते.)

फोड आला. रविवारपर्यंत तो काळा पडला आणि चेहऱ्याचा मुख्य भाग बनला.

मुलाच्या आईने पोह्यांची प्लेट हातात घेतली आणि माझ्याकडे पाहिले. "फोटोत हे नव्हतं."

मी तोंड उघडण्याआधी आत्या माझ्या बचावाला धावली. "जल्मापासूनचं नाई वो ते. म्हशी भरवायच्या डब्यातलं लावलं तिनं. सोताच्या मर्जीनं."

मुलाचे वडील दुधाचा व्यवसाय करतात. ते तोवर एक अक्षर बोलले नव्हते. आता पुढे झुकून, खऱ्या उत्सुकतेने त्यांनी विचारले, "कोनत्या रेड्याचं व्हतं? मुऱ्हा का जाफराबादी?"

मुलगा रुमालात तोंड घालून बराच वेळ खोकला. मी नायट्रोजनचा उत्कलनबिंदू सांगितला. तो कोणीही विचारला नव्हता.

दोन दिवसांनी बाबांच्या मोबाईलवर निरोप आला: मुलगी पसंत आहे; डाग गेला की नातेवाइकांना दाखवायला एक नवा फोटो पाठवावा. निरोप मुलाने लिहिला नव्हता. त्याने खोडलाही नव्हता.

मी बाबांना सुनावले की माझी योग्यता एखाद्या डागाच्या व्यासावर ठरत नाही आणि असला फोटो मी पाठवणार नाही.

"हौ, बरोबर हाय," बाबा म्हणाले, आणि फोटोवाल्याचा नंबर शोधू लागले.

आत्याची चामखीळ जागच्या जागी आहे. तिने पोत सैल करून घेतली. परवा फोनवर मोठ्या मायेने विचारत होती, "काहून वं, जाऊन राह्यला का तुहा डाग?"

मी रोज सकाळी व्हर्नियर कॅलिपर घेऊन आरशासमोर उभी असते, ते निव्वळ शास्त्रीय कुतूहलापोटी. मूळ चामखीळ: दोन मिलिमीटर. डाग, आजची नोंद: साडेसहा.