पुलावरचा डबा

कालव्यात होडी घालतात, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत पटलं नाही. त्या मिरजेच्या. त्यांच्या लेखी कालवा पाटबंधारे खात्याचा, उसाला पाणी देणारा, आणि पोरं बुडतात म्हणून त्यांना जवळ जाऊ न द्यायचा. "तिकडच्या नद्या आटल्या का?" असं त्या फोनवर विचारायच्या. आम्ही दर उन्हाळ्यात न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिमेकडच्या कालव्यावर होडी भाड्यानं घेतो, आठवडाभर तिच्यातच झोपतो, तिच्यातच पोहे करतो आणि सायकलवाले आम्हाला मागं टाकून जातात, हे ऐकल्यावर त्या गप्प व्हायच्या. जावयाचं डोकं ठिकाणावर नाही, हे लेकीला तोंडावर सांगणं त्यांना प्रशस्त वाटत नसावं.

तीसेक वर्षांपूर्वी मी त्या बाजूच्या एका विद्यापीठात पीएचडी करत होतो. लग्न होऊन बायकोला येऊन जेमतेम महिना झाला होता. लॅबमधल्या एकाचं ऐनवेळी जायचं रद्द झालं आणि त्याची ठरलेली होडी आमच्या गळ्यात पडली. पोहता दोघांनाही येत नव्हतं. होडीच्या मालकानं अर्धा तास शिकवलं आणि आम्हाला पाण्यावर सोडून दिलं. होडी लांबलचक, अरुंद, मागच्या टोकाला सुकाणूचा दांडा. दांडा डावीकडं ढकलला की होडी उजवीकडं वळते. एवढी साधी गोष्ट, पण मी तासाभरात दोन्ही काठांना होडी धडकवून दाखवली. मग बायकोनं दांडा हातात घेतला आणि पाच मिनिटांत होडी सरळ केली. तेव्हापासून सुकाणू तिच्याकडं, दोर माझ्याकडं आणि तोंड चालवणंही माझ्याकडं.

त्या काळी कालव्यावर निवृत्त जोडपी असायची. मे महिन्यात स्वतःच्या होडीत राहायला यायची ती थंडी पडेपर्यंत घरी जायची नाहीत. मालवाहू पडाव आमच्या येण्याआधीच संपले होते, पण वडिलांच्या पडावावर धान्याच्या पोत्यांवर झोपलेला एक म्हातारा आम्हाला भेटला होता. संध्याकाळी गावागावांच्या धक्क्यांवर होड्या लागायच्या, खुर्च्या बाहेर निघायच्या, आणि ज्यानं जे शिजवलं असेल ते एका टेबलावर यायचं. आमची बटाट्याची भाजी सगळ्यात आधी संपायची. नवी होडी धक्क्याकडं येताना दिसली की जो कुणी जवळ असेल त्यानं हातातलं जेवण ठेवून उठायचं आणि तिचा दोर धरायचा, असा रिवाज होता. कुणी कुणाला सांगत नसे.

आणि पूल. तिथल्या गावांतून रस्ते कालव्यावरून जातात ते अगदी पाण्यालगतच्या लोखंडी पुलांवरून. होडी आली की पूल जसाच्या तसा, आडवाच्या आडवा, वर उचलला जातो. बाजूला लाकडी मनोरा, त्यात पूल उचलणारा माणूस. आपण तीन भोंगे द्यायचे, त्यानं घंटा वाजवून गाड्या थांबवायच्या आणि पूल वर घ्यायचा. आमच्या वाटेवर दोन पुलांना मिळून एकच माणूस होता. पहिला पूल खाली केला की तो गाडीत बसून काठाच्या रस्त्यानं दुसऱ्या पुलावर जायचा आणि आम्ही रखडत पोचेपर्यंत मनोऱ्यात तयार असायचा. उंच, किडकिडीत, पांढऱ्या मिशांचा.

त्या पहिल्या सहलीत पहिल्या पुलाच्या धक्क्यावर आम्ही चांगलेच आदळलो. तो धावत खाली आला, दोर पकडला, होडी बांधून दिली, आणि पाय धक्का आणि होडी यांच्या मधे कधी घालायचा नाही, हे मला दोनदा बजावलं. निघताना मला वाटलं, या भल्या माणसाला काहीतरी द्यावं. चिवड्याचा स्टीलचा डबा होता तो उघडून मी पुढं धरला. मूठभर घे, एवढंच माझ्या मनात होतं. त्यानं दोन्ही हातांनी डबा घेतला. झाकण लावलं. छातीशी धरून म्हणाला, इतकी सुंदर भेट मला आजवर कुणी दिली नाही. तोवर दोर सुटला होता आणि होडी धक्क्यापासून हातभर लांब गेली होती.

मागून बायकोचा आवाज आला, "अहो, डबा!"

तो डबा साधा नव्हता. एकात एक बसणाऱ्या पाच डब्यांतला तो मधला, सासूबाईंच्या लग्नातला, अंगावर त्यांचं नाव ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं. लेक अमेरिकेला निघाली तेव्हा त्यांनी तो लाडू भरून दिला होता आणि विमानतळावर शेवटचं वाक्य म्हणाल्या होत्या, "डबा परत आण हं."

आम्ही दुसऱ्या पुलाकडं निघालो. "तिथं मागून घेऊ," मी म्हटलं. पण तो गाडीनं आमच्याआधी पोचला होता. पूल वर होता, दोन्हीकडं गाड्या खोळंबल्या होत्या, थांबायची सोय नव्हती. मनोऱ्याच्या खिडकीत तो उभा होता. एका हातात आमचा डबा, दुसऱ्या हातानं चिवड्याचे बकाणे भरत होता. आमच्याकडं बघून त्यानं डबा उंच करून हलवला. मी हात हलवला. बायकोनं नाही.

पुढच्या वर्षी आम्ही चिवडा मुद्दाम प्लास्टिकच्या पिशवीत नेला. एवढं शहाणपण आलं होतं. डबा खिडकीत, सन्मानानं, नाव बाहेरच्या बाजूला करून ठेवलेला. आम्हाला वाटलं, आता पिशवी दिली की त्याच्या लक्षात येईल. त्यानं पिशवी घेतली, आमच्यादेखत चिवडा डब्यात ओतला आणि म्हणाला, "यात कुरकुरीत राहतो!" बायको हसली. मी तिच्याकडं बघितलं नाही.

कुणी म्हणेल, सरळ मागायचा की. माझी मुलगी कळत्या वयापासून हेच म्हणत आली: "आई, जस्ट आस्क हिम!" पण ज्यानं भेट म्हणून छातीशी धरलं, त्याच्याकडून ते परत कसं मागायचं? आमच्यात भीड नावाची गोष्ट असते, आणि ती मुलीला समजावायला माझं इंग्रजी कमी पडतं. मी एकदा विषय काढायला तोंड उघडलं, तर बायकोनं असा चिमटा काढला की आठवडाभर वळ होता. तिकडं सासूबाई दर फोनवर विचारायच्या, "माझा डबा वापरतेस ना?" आणि ही म्हणायची, "वापरतोय की, चिवडा असतो त्यात." खोटं म्हणावं तर तेही नव्हतं.

मला ओहायोत नोकरी लागली, तिथल्याच डब्लिन नावाच्या गावात आम्ही घर घेतलं. पण जून आला की सहा तास ड्राइव्ह करून कालव्यावर जायचंच. मुलगी त्या होडीतच पहिलं पाऊल टाकायला शिकली. बदल एकदम दिसले नाहीत. एखाद्या वर्षी धक्क्यावरचं एक जोडपं कमी असायचं, मग कळायचं की आजोबा गेले आणि आजींनी होडी विकली. मिशीवाला निवृत्त झाला. डबा मात्र खिडकीतच राहिला, नव्या माणसाबरोबर, आणि मग त्याच्यानंतरच्या माणसाबरोबर. त्यांच्यापैकी कुणाशी आमची ओळख झाली नाही. भोंगे कमी झाले, लोक फोन करून पूल उघडायला सांगू लागले. भाड्याच्या होड्यांत एसी आले. धक्क्यावर विजेचे खांब आले आणि संध्याकाळी जो तो आपल्या होडीत आपल्या पडद्यासमोर बसू लागला. उभं राहून वल्हवायच्या फळ्या आल्या, त्यांच्यावर स्पीकर लावून गाणी ऐकणारे आले, आणि एके वर्षी मी टॉवेलवर असताना डोक्यावर ड्रोन घिरट्या घालून गेला. तेव्हा मी जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

"बाबा, यू से द सेम थिंग एव्हरी इयर," मुलगी म्हणते. म्हणतोच. मला धक्क्यावरचं ते सगळ्यांचं टेबल आठवतं आणि राग येतो. आपणही त्याच आठवड्यात विजेवरचा इन्स्टंट पॉट घेऊन होडीत चढतो, हे मी सोयीनं विसरतो.

गेल्या थंडीत सासूबाई गेल्या. बायको महिनाभर मिरजेला राहून आली. भावजयीनं तिला काय हवं ते ने म्हणून सांगितलं, तर हिनं फक्त उरलेले चार डबे आणले. मधला नसल्यामुळं ते एकमेकांत नीट बसत नाहीत, नुसते खडखडतात. स्वयंपाकघरात फडताळ उघडलं की तो आवाज यायचा आणि ती थोडा वेळ तिथंच उभी राहायची. चूक माझ्या हातून झाली होती. तिनं तीस वर्षांत एकदाही तसं म्हटलं नव्हतं, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटत होतं.

या जूनमध्ये ती म्हणाली, "मी डब्यासाठी येतेय. या वेळी मागणार आहे." मुलगी तिच्या नोकरीच्या गावाहून, रेडमंडहून आली. ती होडीतूनच नोकरी करणार होती, त्यामुळं पहिले दोन दिवस आम्हाला तिच्या मीटिंगमध्ये खोकायलाही बंदी होती.

पहिल्या पुलाच्या धक्क्याकडं आम्ही आलो तेव्हा वारा होता आणि माझ्या गुडघ्यांना आता उडी झेपत नाही. शेजारी फळीवर उभ्या असलेल्या, स्पीकरवाल्या दोन पोरी गाणं बंद करून धक्क्यावर चढल्या आणि न सांगता त्यांनी आमचा दोर धरला. मी त्यांचे आभार मानले, जरा खाली मान घालूनच.

तेवढ्यात बायको म्हणाली, "खिडकीत डबा नाहीये."

खरंच नव्हता. खिडकीत एक कुंडी होती. बायकोचा चेहरा मला बघवेना. ती उतरली आणि मनोऱ्याचा जिना चढायला लागली. मी आणि लॅपटॉप हातात घेतलेली आमची मुलगी मागं. वर पंचविशीतली, केस निळे केलेली एक मुलगी बसली होती. बायकोनं श्वास घेतला आणि तीस वर्षं पाठ केलेलं वाक्य इंग्रजीत म्हटलं: इथं एक स्टीलचा डबा असायचा, त्याच्यावर अक्षरं कोरलेली होती.

"गोळ्यांचा डबा?" ती मुलगी म्हणाली. "तो माझ्या गाडीत आहे. जो ड्यूटीवर असेल त्याच्याबरोबर तो दोन्ही पुलांवर फिरतो."

ती धावत खाली गेली आणि घेऊन आली. डब्यात लिमलेटच्या गोळ्या होत्या, काठावरून सायकलीनं जाणाऱ्या मुलांसाठी. तो कधी रिकामा ठेवायचा नाही, असं तिला आधीच्या माणसानं सांगितलं होतं, त्याला त्याच्या आधीच्यानं. पहिल्या म्हाताऱ्याला तो भरलेला मिळाला होता, म्हणून. कुणी दिला ते मात्र कुणाला ठाऊक नव्हतं.

"मी दिला," मी म्हटलं. "चुकून."

बायकोनं सगळं सांगितलं. विमानतळ, पाच डबे, आई. सांगता सांगता ती नावावरून बोट फिरवत होती. एका बाजूला पोचा आला होता, पण अक्षरं वापरून वापरून उलट उजळ झाली होती. मग ती रडायला लागली, अगदी मोठ्यानं, आणि आमच्या मुलीनं लॅपटॉप खाली ठेवून तिला मिठी मारली. निळ्या केसांच्या पोरीनं गोळ्या कागदी पिशवीत ओतल्या, डबा पुसला आणि बायकोच्या हातात दिला. जिचा त्यात काही दोष नव्हता ती बिचारी चार वेळा सॉरी म्हणाली.

पुढचे तीन दिवस डबा सुकाणूपाशी, बायकोच्या पायाजवळ होता. परतीच्या दिवशी सकाळी ती लवकर उठली. घरून आणलेला सगळा चिवडा तिनं त्यात भरला, दाबून झाकण लावलं आणि मला म्हणाली, "पुलाशी थांबायचंय."

"अगं, आता कुठं मिळालाय!" मी म्हटलं. तिनं डबा पायाशी ठेवला आणि सुकाणू हातात घेतलं.

या वेळी दुसरा पूल आधी आला. ती निळ्या केसांची मुलगी खाली उतरून आली. बायकोनं दोन्ही हातांनी डबा पुढं केला आणि स्वच्छ इंग्रजीत म्हणाली, "चिवडा तुझा. डबा माझ्या आईचा आहे. पुढच्या जूनमध्ये मी घ्यायला येईन." मग तिच्याही नकळत मराठीत, "डबा परत द्यायचा हं."

त्या मुलीनं मान डोलावली, डबा गाडीत पुढच्या सीटवर ठेवला आणि आमच्यासाठी पूल उचलायला वर गेली.

मी दोर सोडला. पहिल्या पुलाशी आम्ही पोचलो तेव्हा ती आमच्याआधी आली होती. पूल वर होता, गाड्या खोळंबल्या होत्या, आणि खिडकीत उभी राहून ती चिवडा खात होती. तिनं डबा उंच करून हलवला. बायकोनं एका हातानं सुकाणू धरून दुसरा हात वर केला आणि पूल दिसेनासा होईपर्यंत हलवत राहिली.