नको म्हणायची कोरियन रीत

इकडे परदेशात, कापेलला, आमच्या शेजारी एक कोरियन बाई राहतात. पहिल्यांदा चहाला आल्या तेव्हा मी गरम थालीपीठ वाढलं. दुसरं वाढायला गेले, तर हसून हात हलवत म्हणाल्या, "क्वेंचानायो." म्हणजे ठीक आहे, राहू दे, नको म्हणायची त्यांची सभ्य रीत. पण आमच्याकडे पहिलं नको धरतं कोण? आग्रह करकरून मी त्यांना चार थालीपिठं खायला घातली.

पुढच्या रविवारी त्यांनी बोलावलं. भात, गाजर आणि काकडी भरून केलेल्या त्यांच्याकडच्या गुंडाळ्या इतक्या चविष्ट, की माझी बशी लगेच रिकामी झाली. त्यांनी डबा पुढे केला. आठवडाभर आरशासमोर घोटलेला शब्द मी मान लववून म्हटला, "क्वेंचानायो," आणि आग्रहाची वाट बघत बशी जरा पुढेच धरली.

त्यांनी डब्याला झाकण लावलं. म्हणाल्या, "आमच्याकडेही खूप आग्रह करतात. पण इथे राहून शिकले, नको म्हणजे नको."

मग माझी चार थालीपिठं कशी गेली, बाई? हे अर्थात मनात. घरी येऊन कालची पोळी वाढून घेतली आणि स्वतःलाच आग्रह केला.