लाल टेपचा हेडफोन

माझा हात भिंतीवरच्या हेडफोनला लागायच्या आत मॅडमनी लाकडी पट्टी आडवी घातली. "तुझा हाय की तुला. त्योच घे." सगळ्या क्लाससमोर. परीक्षा सुरू झालेली. मी हात मागं घेतला.

निपाणीतला कॉम्प्युटर क्लास. कॉल सेंटरच्या कामाचं शिक्षण. हेडफोनवर ग्राहकाचं बोलणं ऐकायचं आणि लॅपटॉपवर टाइप करायचं. त्या दिवशी जी पास होईल तिला बेळगावात नोकरी. आईनं तंबाखूच्या वखारीत खोकत खोकत राबून माझी फी भरलेली. मला ती नोकरी हवी होती. लई हवी होती.

क्लासचे हेडफोन खिळ्यांना टांगलेले असायचे. कुणीही कुठलाही घ्यायचा. ह्या कानातला त्या कानात. फक्त माझा वेगळा, खिडकीत ठेवलेला. त्याला लाल टेप गुंडाळलेली. सुरुवातीलाच मॅडमनी मला गाव विचारलं, मग गल्ली विचारली. आमची गल्ली म्हणजे पूर्वीचा महारवाडा. दुसऱ्या दिवशी टेप आली. "कानाचं इन्फेक्शन असतंय," मॅडम म्हणाल्या. इन्फेक्शनला बरोबर आमच्याच गल्लीचा पत्ता ठाऊक.

घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, "आमच्या वंजळीत वरनं पानी वतायचे. तुला वायर तरी दिलीया. गप शिकून घे." आईचा राग आला. कीवही आली. मी गप शिकत राहिले.

आणि परीक्षेच्या दिवशीच त्या हेडफोनमधून आवाज येईना. व्हॉल्यूम पूर्ण वाढवला. म्यूट पाहिलं, नव्हतं. सेटिंगमध्ये जाऊन हेडफोन निवडला. जॅक काढला, फुंकर मारली, पुन्हा घातला. लॅपटॉप बंद करून चालू केला. काही नाही. जॅक उपसला की मात्र लॅपटॉपच्या स्पीकरमधून ग्राहक मोठ्यानं बोलायला लागायचा. म्हणजे लॅपटॉपचा आवाज धडधाकट. बिघाड एक तर माझ्या हेडफोनमध्ये, नाही तर जॅकच्या भोकात. कुठं ते कळायला उपाय एकच, दुसरा हेडफोन लावून बघायचा. हे मॅडमनीच शिकवलेलं. क्लासमधली कुणीही पोरगी हेच करायची. मी उठले, तर पट्टी आडवी.

शेजारच्या मुलीला म्हटलं, "तुझा दे गं जरा." तिनं मॅडमकडं पाहिलं. मग स्क्रीनकडं पाहत बसली.

"मॅडम, ह्यात आवाज येईना. दुसरा लावून बघू दे."

"मग ऱ्हाऊ दे परीक्षा. फुडच्या येळी बस."

किती सहज म्हणाल्या. जणू चहा राहू दे म्हणावं. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. इतके दिवस मी मनाला समजावत होते, थोडं सोसायचं, नोकरी लागली की संपलं. ते थोडं नव्हतंच. तेच माझ्या नोकरीच्या आड उभं होतं, आणि मी त्याला रोज कानाला लावून बसत होते.

मी पुन्हा भिंतीकडं गेले, मॅडमनी परत आडवी घातलेली पट्टी बाजूला सारली. खिळ्यावरचा हेडफोन काढला, जॅक घातला. आवाज खणखणीत. एक बाई कन्नडमध्ये तक्रार करत होती, गॅसचा सिलिंडर आला नाही म्हणून. मी टाइप करायला लागले. मॅडमनी लॅपटॉपचं झाकण वरून दाबलं. माझी बोटं मध्येच होती.

"मॅडम, हे इन्फेक्शन न्हवं. ही शिवाशिव हाय." मी मोठ्यानं म्हणाले. सगळ्यांनी ऐकलं. एकीनंही कानातला हेडफोन काढला नाही.

परीक्षा गेली. नोकरी गेली. मी घरी न जाता पोलिसांत गेले आणि तक्रार दिली.

चार-आठ दिवसांनी मॅडमचे यजमान आमच्या घरी आले. आमच्या गल्लीत त्यांचं पाऊल पहिल्यांदाच. आईनं गडबडीनं चहा टाकला. ते आमच्या कपातून चहा प्याले, प्रत्येक घोट आम्हाला दिसेल असा. मग म्हणाले, "बघा आक्का, आमी आसलं काय पाळत न्हाई. पोरीला केस मागं घ्याला सांगा. परत परीक्षेला बसवतो तिला."

आईनं माझ्याकडं पाहिलं. तिला खोकल्याची उबळ आली होती, ती पदरानं दाबत होती. खोटं कशाला सांगू, मला क्षणभर हो म्हणावंसं वाटलं.

"केस मागं घेणार न्हाई," मी म्हटलं. "तुमी चा प्याला, ते कोर्टात सांगा."

ते उठून गेले. आई कितीतरी दिवस माझ्याशी बोलली नाही. आता मी तिच्याच शेजारी वखारीत बसते, तंबाखू निवडते. मलाही खोकला लागलाय. तारीख पडली की काम बुडवून जाते. पुढची पडली की पुन्हा जाणार.