पाचव्या मजल्यावरचं मोहोळ

आमच्या इमारतीत पाचव्या मजल्यावर, छज्ज्याखाली आग्या मोहोळ लागलं होतं. हिवाळाभर त्या माश्या समोरच्या शेवग्याच्या फुलांवर ये-जा करत होत्या. कुणालाही एकही डंख झाला नव्हता. तरी सोसायटीच्या सभेत सेक्रेटरी सानेकाका म्हणाले, "उद्या काही झालं तर जबाबदार कोण?" सगळ्यांनी माना डोलावल्या आणि औषध फवारणाऱ्याला बोलावणं गेलं.

सकाळी पार्किंगमध्ये मेलेल्या माश्यांचा सडा पडला होता. काहींचे पाय अजून हलत होते. आपल्याला निसर्ग हवा असतो तो भिंतीवरच्या चित्रातला. त्यात काही गुणगुणायला लागलं की आपली घाबरगुंडी उडते. आणि असली भित्री जमात स्वतःला पृथ्वीची मालक समजते!

सानेकाका त्या सड्यावरून चालत माझ्याकडे आले. "तुमचं गाव जंगलाजवळ ना हो? तिकडे शुद्ध मध मिळेल का? बाजारातला सगळा भेसळीचा."

"काका, मध करणाऱ्यांना आत्ताच तुडवून आलात तुम्ही."

त्यांनी खाली पाहिलं, चप्पल पायरीच्या कडेला घासून साफ केली आणि विचारलं, "म्हणजे नाही का मिळणार?"