बादलीत धुतलेला अंगठा

"तू तिथं, चपलांजवळ," कारकून मला म्हणाला आणि बसायची खुर्ची उचलून त्यानं साहेबाला दिली.

पालघरच्या रेस्ट हाऊसची पडवी. साठच्या दशकातली गोष्ट. तारापूरला अणुभट्टीचं बांधकाम जोरात होतं. जिल्ह्याच्या गावाहून गाड्यांच्या नोंदणीची मंडळी अधूनमधून यायची आणि या पडवीत टेबल मांडायची. पडवीत खुर्ची एकच. ती साहेबाच्या अंगाखाली गेली, कारकून टेबलाला टेकला आणि मी चपलांजवळ.

साहेब अमेरिकेचा. बांधकामावर इंजिनियर. तांबडा, माडासारखा उंच, हसला की कानापर्यंत हसायचा. त्यांच्या वसाहतीत मी पापलेट, सुरमई पोचवायचो. मोटारसायकलवर. होय, माझी स्वतःची मोटारसायकल होती. डहाणूच्या एका बागायतदाराकडून जुनी घेतलेली, तांबड्या टाकीची. आमच्या घिवलीच्या किनाऱ्यावर ती पहिल्यांदा नेली तेव्हा आयेनं तिला होडीसारखं ओवाळलं, पुढच्या चाकाला हळद-कुंकू लावलं, आणि मी काय सांगू, त्या दिवशी मी असा ताठ बसलो होतो की मान दोन दिवस दुखत होती.

ती विकायला काढली, कारण बाबांच्या होडीचं जाळं कुजलं होतं. नवं जाळं नाही तर हंगाम नाही. साहेबाला फटफटी आवडली होती, मनोरचा रस्ता त्याला भटकायला हवा होता. बोलणं ठरलं. राहिलं फक्त गाडी त्याच्या नावावर करणं.

परदेशी माणसाच्या नावावर गाडी करायची तर तो इथं राहतो असा पोलिसांचा दाखला लागायचा. साहेब तो वसाहतीत विसरून आला होता. मी मनात म्हटलं, आजचा फेरा फुकट.

"काही हरकत नाही सर," कारकून म्हणाला. "मागाहून पाठवा. आम्ही काय तुम्हाला ओळखत नाही?"

ओळखत नव्हता. त्यानं साहेबाला त्याच दिवशी पहिल्यांदा पाहिलं होतं.

मग तो माझ्याकडे वळला. गाडीचं पुस्तक मी पुढे केलं. त्यात माझं नाव, बापाचं नाव, गाव घिवली. त्यानं ते टोकाला धरून उघडलं, कोलंबीची शेपटी धरावी तसं.

"ही गाडी तुझी कशावरून?"

"पुस्तकात नाव हाय माजं."

"नाव असेल. तो माणूस तूच कशावरून? मासळी विकणाऱ्याकडे मोटारसायकल? पाटलाचा दाखला आण. नाहीतर ओळख द्यायला कुणीतरी प्रतिष्ठित आण."

साहेबाला कळलं काहीतरी अडलंय. तो खुर्चीतूनच इंग्रजीत म्हणाला, मी याला ओळखतो, चांगला मुलगा आहे. मुलगा. माझं लग्न झालेलं होतं.

कारकुनाचा चेहरा उजळला. "साहेब सांगतायत म्हणजे झालं."

झालं. सात समुद्रांपलीकडून आलेल्या माणसानं माझ्याच मुलखात माझी ओळख दिली. ज्याचा स्वतःचा दाखला घरी राहिला होता त्यानं. माझी नाळ घिवलीच्या वाळूत पुरलेली, आणि मी कोण ते यानं सांगायचं. मला हसू आलं. खरंच आलं. मग मी एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकू लागलो. मला तिथं उभं राहवेना.

कारकुनानं शाईचा पॅड उघडला आणि माझा अंगठा धरला.

"मला सही येते. सातवी पास हाय मी."

"येत असेल. वेळ नाही."

त्यानं अंगठा पॅडवर दाबला. माझं शिक्षण त्या जांभळ्या शाईत बुडालं. अंगठा कागदाकडे नेणार तेवढ्यात त्याचं नाक वाकडं झालं. त्यानं हात सोडला.

"थांब. आधी ती गाडी धू. साहेब त्या वासावर बसणार का? विहिरीवर बादली आहे, साबण शिपाई देईल. धुवून आण, मग अंगठा कर. आणि घरी जायला तुझं तू ट्रकबिक बघ, गाडी साहेब इथूनच नेतील."

मी साहेबाकडे पाहिलं. कारण आमचं एक ठरलं होतं.

आमच्याकडे होडी विकली की देणारा आणि घेणारा दोघं एकदा तिच्यातून बाहेर जातात. पाण्यात गेल्यावर देणारा सुकाणू सोडतो, घेणारा धरतो. तेव्हा होडी त्याची. तोवर बोलणी काहीही झालेली असोत, होडी देणाऱ्याची. हे मी साहेबाला वसाहतीत हातवारे करून दाखवलं होतं. नोंदणी झाली की मी चालवीन, तू मागं बस, मनोरच्या रस्त्यावर वाघोबाच्या खिंडीत मी उतरीन, हँडल तुझ्या हातात देईन. साहेब इतका खूश झाला होता की त्यानं मला मिठी मारली होती, मासळीच्या टोपलीसकट.

आता कारकुनानं त्याला इंग्रजीत समजावलं, गाडी धुवून देतोय. साहेबानं मान डोलावली. बरं होईल, म्हणाला. मिठीत वास आला नव्हता. खुर्चीत आला.

मी विहिरीवर गेलो. बादली भरली. पडवीसमोर आणून गाडीजवळ ठेवली. सगळे बघत होते. मला प्रेक्षक मिळाले की मी जरा सावकाश होतो, तो माझा जुना रोग. बाह्या सरसावल्या. साबण घेतला. आणि बादलीत अंगठा बुडवला. चोळचोळ चोळला. पाणी जांभळं झालं. अंगठा वर करून कारकुनाला दाखवला.

"घ्या, धुतला."

"गाडी धू म्हटलं होतं तुला."

"गाडीला काय झालंय? तिला मासळीचा वास हाय, माज्या घराला हाय, मला हाय. घाण या अंगठ्याला लागली होती."

मी पडवीत चढलो. चपलांच्या पुढे. टेबलावरचं पुस्तक उचललं.

"साहेबांचा अपमान करतोस?"

"नाय. गाडी विकत नाय, येवढंच."

साहेब उठला. बांधकामावरच्या मजुरांकडून शिकलेल्या हिंदीत त्यानं विचारलं, "क्यों? दाम कम है?"

"दाम बराबर है, साब. कुर्सी कम थी."

त्यानं मागं वळून खुर्चीकडे पाहिलं. काय समजला, देव जाणे. तो वाईट माणूस नव्हता. पण बसला होता तोवर त्याला ती दिसली नव्हती.

आता खरं तर गाडी पहिल्या किकला सुरू व्हायला हवी होती. झाली नाही. मी किक मारतोय, शिपाई हसतोय, कारकून हसतोय, मी घामाघूम. शेवटी धूर सोडून ती सुरू झाली, तेव्हा त्या पडवीत फक्त आवाज होता, हसू नव्हतं.

बाबा किनाऱ्यावर बसले होते.

"जालं का रे काम?"

"नाय विकली."

सगळं सांगितलं. बाबांनी जाळ्याच्या भोकातून बोटं आरपार काढून दाखवली.

"आनि होडीला नवं जालं कशानं घेशील?"

तो हंगाम आम्ही कुजकं जाळं सांधत, ते फाटलं की पुन्हा सांधत काढला. आयेनं सुकी मासळी विकली. बाबा माझ्याशी दिवाळीपर्यंत नीट बोलले नाहीत. ते कुणी भरून दिलं नाही, आणि मीही ते गोड करून सांगणार नाही.

नोंदणीची मंडळी पुढच्या वेळी आली तेव्हा मी पुन्हा पालघरला गेलो. माझं स्वतःचं काही काम नव्हतं. शेजारच्या वाडीतला एक म्हातारा ट्रकच्या परवान्याच्या कामाला जाणार होता, त्याला मागं बसवला. गाडीच्या कॅरियरला घरचं स्टूल बांधलं होतं. पडवीत स्टूल मांडलं, म्हाताऱ्याला त्यावर बसवलं आणि मी त्याच्या बाजूला उभा राहिलो. चपला घालून.

कारकुनानं पॅड उघडला. म्हाताऱ्याच्या हाताकडे त्याचा हात आला.

मी मधे हात घातला. "त्यांना ईचारा आधी, सही करनार का अंगठा. धरायचं नाय."

त्यानं विचारलं. म्हाताऱ्यानं अंगठाच दिला, पण स्वतःच्या हातानं दिला.

तेव्हापासून ते स्टूल माझ्या गाडीला आहे. गाड्या बदलल्या, कारकून बदलले, माझे केस पांढरे झाले. कचेरी कुठलीही असो, माझ्या माणसाला बसायला जागा नसेल तर ती मी घेऊन जाणार. आमची ओळख आम्ही देणार. आणि आमचा हात कुणी धरून ओढला, तर तो तिथंच अडवणार.